दिवा विझला की बोल

खर्र… असा आवाज करत खण उघडला आणि कितीतरी दिवसांनी माझ्या अंगावर उजेड पडला.

घर अगदी शांत होतं. दुपारची वेळ. नळसुद्धा टपकत नव्हता. त्या शांततेत एक छोटासा हात खणात शिरला. त्याने दोऱ्याचं रीळ बाजूला सारलं, संपलेले सेल ढकलले आणि माझी वायर धरून मला बाहेर ओढलं. त्या हाताच्या एका बोटाचं नख वेडंवाकडं होतं. मी ते बोट लगेच ओळखलं.

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. दोन कानांचा, एका सोंडेचा. सोंड म्हणजे माझा माईक. माझ्या डाव्या कानाच्या गादीचं कातडं उडालं आहे, आतला स्पंज बाहेर डोकावतो. दांडीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. उजव्या कानावर एक बटण आहे आणि बटणाशेजारी मसुराच्या दाण्याएवढा हिरवा दिवा. माझी सगळी गोष्ट त्या दिव्याचीच आहे, असं म्हटलं तरी चालेल.

माझा जन्म एका पत्र्याच्या छताच्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला माझी नुसती दांडी आली होती. पुढे कुणी तारा भरल्या, कुणी गाद्या चढवल्या, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मी पुरता हेडफोन झालो. तिथे एक तपासणारी बाई बसायची. तिने मला डोक्यावर चढवलं, सोंड ओठांपाशी ओढली आणि म्हणाली, "बोल रे बाबा." खरं तर बोलायचं तिला होतं, पण प्रत्येक हेडफोनला ती असंच म्हणायची. तिच्या मागे एक यंत्र होतं. त्यातून कुत्र्यांचं भुंकणं, भांड्यांची आदळआपट, दारांचे आवाज, तान्ह्या मुलाचं रडणं असं काय काय सोडत. ते सगळं गाळायचं आणि फक्त बोलणाऱ्याचा आवाज पुढे पाठवायचा, ही माझी परीक्षा. मी सगळं गाळलं. तान्ह्याचं रडणंसुद्धा गाळलं. "वा! हा अगदी गुणी निघाला," असं म्हणून तिने माझ्यावर हिरवा ठिपका चिकटवला. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

मग मला खोक्यात घातलं. खोक्यावर माझ्यासारखाच हेडफोन घातलेल्या एका बाईचं चित्र होतं. ती छान हसत होती. तिच्या मागे पांढरीशुभ्र भिंत होती. ना वाळत घातलेले कपडे, ना भांडी, ना पोर. मला वाटलं, आपण अशाच घरी जाणार.

मी गेलो ते दोन खोल्यांच्या घरात. दारातच एका लहान मुलीने माझं खोकं हिसकावलं आणि एका दमात विचारलं, "आई हे काय आहे हे कुणी पाठवलं ह्यात खाऊ आहे का खोकं मी घेऊ?"

तिला घरात सगळे 'रेडिओ' म्हणत. हे नाव तिच्या मामाने ठेवलं होतं. शाळेत जायचं वय अजून झालं नव्हतं, पण जीभ मात्र तिच्या आधीच जन्माला आली असावी. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. मुंगीला कान असतात का, सावलीला भूक लागते का, बाबांची क्रेन आकाशाला टेकते का. बाबा लांबच्या शहरात क्रेन चालवायचे आणि सुट्टी मिळाली की घरी यायचे. त्यांच्या एकट्याच्या कमाईत हातातोंडाची गाठ पडत नव्हती, म्हणून आईने ही नोकरी धरली होती. घरबसल्या काम, मुलीकडेही लक्ष राहील, असं जाहिरातीत लिहिलं होतं. आईला ते दोन्ही हवं होतं. एक गेलं तर दुसरं कसं निभावायचं, हा विचार तिने केला नव्हता असं नाही. तो परवडत नव्हता.

कंपनी कपडे धुण्याची मशिनं विकायची. मशिन बिघडलं की लोक फोन करत, आणि तो फोन माझ्यातून आईच्या कानात यायचा. कंपनीला पूर्वी ऑफिस होतं म्हणे. ते सोडून दिलं आणि ऑफिस प्रत्येकाच्या घरात घुसवलं. शिकवणार म्हणून सांगितलं होतं, तेही अर्ध्यावर सोडून दिलं. एके सकाळी शिकवणाऱ्या मॅडम पडद्यावर आल्याच नाहीत, त्यांच्याऐवजी पहिला चिडलेला ग्राहक आला.

आईने पलंग आणि कपाट यांच्या मधल्या बोळकांडीत टेबल लावलं. आवाज आत येऊ नये म्हणून दाराला जुनी रजई टांगली. खिडकी बंद. पंख्याची घरघर ऐकू जाते म्हणून पंखाही बंद. घामाने माझ्या गाद्या भिजून जायच्या. काम संपलं की आई मला मऊ फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "तुला पण उकडलं ना रे?" त्या घरात मला कुणी वस्तू मानत नव्हतं.

पहिल्याच दिवशी आईने मुलीला मांडीवर घेतलं आणि माझा दिवा दाखवला.

"हे बघ पिल्लू, हा हिरवा दिवा लागला की आपण पाण्यात."

"पाण्यात म्हणजे?"

"म्हणजे तू मासा. मासा तोंड उघडतो की नाही? पण आवाज येतो का?"

"नाही येत! आणि तू पण मासा?"

"मी होडीवाली. मला बोलावंच लागतं."

"आणि दिवा विझला की?"

"दिवा विझला की बोल. काय हवं ते बोल."

खेळ मुलीला भलताच आवडला. दिवा लागला की ती रजईखालून डोकं काढून गाल फुगवायची, ओठांचा चंबू करायची, तोंड उघडायची, मिटायची. आईला हसू आवरत नसे. ग्राहक आपली कहाणी सांगत असायचा, तेवढ्यात आई माझं बटण दाबायची. टिक्. दिवा विझला. आता इकडचा आवाज तिकडे जात नसे. लगेच रेडिओ सुरू. "आई शू झाली आई बाहुलीचा हात निघाला आई मी तुला एक पापी देऊ?" पापी घेऊन आई पुन्हा बटण दाबायची. टिक्. "हो सर, ऐकतेय मी, बोला."

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस.

मग एकामागून एक साहेब बदलू लागले. पहिले सर म्हणायचे, फोन लवकर संपवा. त्यांच्या जागी मॅडम आल्या, त्या म्हणायच्या, ग्राहकाला मनसोक्त बोलू द्या. त्याही गेल्या आणि नवे सर आले, ते दोन्ही म्हणायचे. हे नवे सर ग्रुपवर शब्दाने बोलत नसत, नुसता अंगठा पाठवत. सगळ्यांनी त्यांचं नाव अंगठेबहाद्दर ठेवलं होतं. लघवीला जायचं तरी ग्रुपवर 'जाऊ का' असं विचारायचं आणि अंगठा येईपर्यंत बसून राहायचं. आईने पाणी पिणंच कमी केलं.

कंपनीचं सॉफ्टवेअर आमचं बोलणं ऐकत असे. माझ्या गाळणीतून निसटलेला घरातला काही आवाज सापडला की त्याची नोंद व्हायची. अशा तीन नोंदी झाल्या की नोकरी संपली. आईबरोबर काम करणारी एक ताई होती. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, फक्त फोनवर मैत्री. त्या ताईकडे पोपट होता. रोज ऐकून ऐकून तो "कृपया लाइनवर राहा" असं म्हणायला शिकला होता. त्याची नोंद झाली. ताईने ग्रुपवर लिहिलं, 'सर, पोपटालाच पगारावर घ्या, माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतो.' सगळे हसले. सरांचा अंगठा आला. थोड्याच दिवसांनी ताईचं नाव ग्रुपमधून नाहीसं झालं. जाताना तिने आईला फोन केला.

"एक सांगून ठेवते गं. तू लोकांना उद्या माणूस येईल म्हणतेस ना दुरुस्तीला? अर्ध्या गावांत माणूसच नाही ठेवलेला. सगळे काढून टाकले."

"अगं, मग मी काय सांगू लोकांना?"

"उद्याच सांग. त्यांनी तसंच लिहून दिलंय ना आपल्याला वाचायला?"

आईच्या नावावर तोवर दोन नोंदी लागल्या होत्या. एकदा मुलगी स्वयंपाकघरात गात होती. एकदा तिच्या हातून ताटली पडली. दोन्ही वेळा दिवा लागलेला होता, पण ती दुसऱ्या खोलीत होती, तिला तो दिसला नव्हता. आईने तिला जवळ घेऊन विनवलं, "पिल्लू, अजून एकदा असं झालं ना, तर आईचं काम जाईल. मग आपल्याला हे घर सोडावं लागेल." मुलीने मान हलवली. त्या दिवसापासून ती तोंड उघडण्याआधी रजईखालून डोकावून दिवा बघायला लागली.

आणि मग एका सकाळी संदेश आला. काही कर्मचारी म्यूटचा गैरवापर करतात, म्हणून आजपासून म्यूट बंद. आईने माझं बटण दाबलं. टिक्. दिवा तसाच. पुन्हा दाबलं. टिक्. टिक्. माझं बटण ठणठणीत होतं हो, पण त्याचं आता कुणी ऐकत नव्हतं. काम सुरू होताना लागलेला दिवा काम संपेपर्यंत जळत राहू लागला. मधे फोन असो किंवा नसो.

आईने धीर करून सरांना फोन लावला.

"सर, म्यूट अजिबातच नाही का?"

"नाही मॅडम. वरून बंद केलंय."

"वरून म्हणजे कुणी?"

"वरून म्हणजे वरूनच."

"घरात लहान मूल आहे सर. मधे एखादं मिनिट तरी…"

"मूल माझ्याही घरी आहे, मॅडम." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी पण विचारलंय वर. उत्तर आलं की सांगतो." त्यांच्या मागे कुठेतरी एक बारीक आवाज "पप्पा" म्हणाला आणि सरांनी घाईने फोन ठेवला.

उत्तर काही आलं नाही.

तुम्हाला वाटेल, आईने मुलीला नवा नियम सांगायला हवा होता. पण नवा नियम होता कुठे? दिवा लागला की मासा, एवढाच नियम. तो तसाच राहिला. फक्त दिवा विझेनासा झाला.

मुलगी वाट बघायची. रजईपाशी यायची, दिवा बघायची, परत जायची. बाहुलीशी खेळायची तीही ओठ हलवत, आवाज न करता. शू झाली तर स्वतःच चड्डी बदलायची. जेवण झाकून ठेवलेलं असायचं, ते मुकाट्याने खाऊन घ्यायची. काम संपल्यावर आई तिला कुशीत घेऊन म्हणायची, "किती शहाणी झालीस गं तू!" आईच्या आवाजात इतकं समाधान असे की मलाही बरं वाटायचं. आता नोकरी टिकेल, घर टिकेल, असं आम्हा दोघांनाही वाटू लागलं होतं.

त्याच सुमारास माझी दांडी तडकली. मामा पेचकस आणि चिकटपट्टी घेऊन आला. तो पंखे दुरुस्त करायचा.

"कंपनीने दिलाय ना? मग कंपनीला सांग ना, दुसरा द्या म्हणावं."

"सांगितलं. माणूस येईल म्हणाले."

"मग आला?"

"तूच आलास की, दादा."

मामा हसला. मग त्याने भाचीचा गाल ओढला. "काय गं रेडिओ? आज स्टेशन लागत नाही वाटतं?"

सरांचा अंगठा मिळाल्यावर आई जरा वेळ उठली होती, तेवढ्यात फोन येणार नव्हता, पण लॅपटॉप चालू होता. मी मामाच्या हातात होतो, वायर जोडलेली होती. मुलीने माझ्याकडे पाहिलं. दिवा हिरवागार. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"हिला काय झालंय? मागच्या वेळी माझं डोकं खाल्लं होतं हिने."

"काही नाही रे. शहाणी झालीये."

"एवढ्या लवकर?" एवढंच मामा म्हणाला, आणि दातांनी चिकटपट्टी तोडून माझ्या दांडीला गुंडाळू लागला. बराच वेळ गुंडाळत राहिला.

आता त्या दिवसाचं सांगतो.

एक आजोबा फोन करायचे. त्यांच्या मशिनचं दार आतून अडकलं होतं. आत पाणी आणि पाण्यात चादरी. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती, चादरी रोज बदलाव्या लागत. त्यांचा फोन कधी आईला लागायचा, कधी दुसऱ्या कुणाला, आणि सगळे त्यांना तेच वाक्य वाचून दाखवत. त्या दुपारी ते पुन्हा आईच्याच कानात आले.

"बाई, तुम्हीच ना त्या? आवाज ओळखला मी. तुम्ही उद्या म्हणाला होतात."

"आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर."

"अहो, तुमची दिलगिरी मी कुठे वाळत घालू? पाणी कुजलंय आतलं. वास मारतोय सगळ्या घरात."

"मी समजू शकते, सर. आमचा माणूस उद्या नक्की…"

"थांबा. ते वाचू नका. मला एकच सांगा, माणूस येणार आहे की नाही?"

खरं सांगावं तर सॉफ्टवेअर ऐकत होतं. खोटं सांगावं तर तेही आता तिच्या तोंडून निघेना.

त्याच वेळी पलीकडे स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. वारा आला आणि न्हाणीघराचं दार धाडकन आपटलं. तो आवाज मला ऐकू आला. मला सगळं ऐकू येतं. पण दाराचा आवाज गाळायचा असतो, हे मी जन्मतःच शिकलो होतो. आईचे कान माझ्या गाद्यांखाली झाकलेले होते. तिच्या कानात फक्त आजोबांचा श्वास होता.

मग छोटी पावलं आली. रजई हलली. खुर्चीच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. गरम दुधावर फुंकर घालावी तसे तुटक तुटक श्वास. तेही मी गाळले.

कंपनीचं सॉफ्टवेअर रोज कधीतरी अडकायचंच. पडदा काळा व्हायचा आणि आवाज मात्र चालू राहायचा. तसा तो आत्ताही काळा झाला. काळ्या पडद्याचा आरसा होतो, मित्रांनो. त्यात आईला आपला चेहरा दिसला. डोक्यावर मी दिसलो, माझा हिरवा दिवा दिसला. आणि खुर्चीच्या मागे तिची मुलगी दिसली.

मुलीने एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. फ्रॉकचा पुढचा भाग लाल झाला होता. तोंड उघडता येईल तेवढं उघडलेलं होतं. ती रडत होती. आवाज येत नव्हता. आणि तिचे डोळे आईकडे नव्हतेच. ते माझ्या दिव्यावर होते.

"पिल्लू!" आई किंचाळली.

ती तिसरी नोंद. ती मुलीची नव्हती.

"काय झालं? बाई? हॅलो!" आजोबा घाबरून विचारत होते. "लेकरू आहे का तिथे? अहो, माझं राहू द्या. आधी त्याच्याकडे बघा! बघा आधी!"

त्यांचा राग कुठच्या कुठे गेला होता. आईने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. मुलीला उचलून ती धावली. हिसक्यासरशी माझी वायर लॅपटॉपमधून निघाली आणि मी तिच्या गळ्यात अडकून तसाच रस्त्यावर गेलो. तिच्या एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती. माझी वायर मागे फरफटत होती. लोक वळून बघत होते.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मूठ हळूच उघडली.

"कधी लागलं?"

"माहीत नाही," आई म्हणाली.

"घरात कुणी नव्हतं का?"

"मी होते."

डॉक्टरीणबाईंनी आईच्या गळ्यातल्या माझ्याकडे पाहिलं. त्या बोट धुऊ लागल्या. नख मुळातून उचकटलं होतं, आतलं हाडही चेपलं होतं. मुलीचं सगळं अंग थरथरत होतं, तोंड उघडं होतं.

"अगं, दुखतंय ना बाळा? मग रड की. इथे कुणी रागवत नाही."

मुलीने आईच्या गळ्याकडे मान वळवली. चांगल्या हाताचं बोट पुढे करून तिने माझ्या दिव्याला हात लावला. दिवा विझलेला होता. तिने पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

आणि मग तिने आवाज काढला. दवाखान्यातले सगळे उठून उभे राहिले. कारखान्यातल्या त्या यंत्रातूनसुद्धा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्यात वीज नव्हती, त्यामुळे तो गाळला गेला नाही. आला तसा, अख्खाच्या अख्खा, आईच्या कानात गेला. किती दिवसांचं रडणं होतं त्यात, देव जाणे. आई तिला छातीशी धरून नुसती "रड, रड, रड" म्हणत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर आईने लॅपटॉप उघडला. सेवा थांबवण्यात येत असल्याचा संदेश येऊन पडला होता. खाली लिहिलं होतं की कंपनीचा हेडफोन जपून ठेवावा, उद्या माणूस घ्यायला येईल.

आईने तो संदेश पुन्हा वाचला आणि खूप विचित्र हसली. मला तिने पुसून टेबलावर ठेवलं. माझ्या खोक्याचा बाहुलीचा पलंग झाला होता, म्हणून मी तसाच उघडा पडून राहिलो. दारावर कुणी टकटक केली की आई मला हातात घेऊन उभी राहायची. दूधवाला यायचा, वीजबिलवाला यायचा. माझ्यासाठी माणूस काही आला नाही. शेवटी तिने मला खणात टाकलं. आजोबांच्या चादरी निघाल्या का, ते मला माहीत नाही. आईलाही नाही. त्यांचा नंबर कंपनीकडे होता.

खणातल्या अंधारात मी घर ऐकत राहिलो. बोट हळूहळू बरं झालं. रेडिओ पुन्हा वाजू लागला, आधी खरखरत, मग स्पष्ट. मला वाटलं, आपलं काम झालं, आता इथेच सेलांच्या सोबतीने पडून राहावं. पण बाबांची क्रेन बंद पडली. मालकाने बांधकाम थांबवलं होतं. घरमालकाच्या आवाजातला गोडवा कमी झाला. आई फोनवर कुणाकुणाला काम विचारू लागली, आणि काल मी तिला म्हणताना ऐकलं, "हो मॅडम, घरूनच ना? हेडफोन आहे माझ्याकडे. हो, घर शांत असतं."

म्हणून आज खण उघडला.

मित्रांनो, वस्तूंनी आपली गोष्ट सांगितली की शेवटी काहीतरी मागायचं असतं. मीही मागतो. माझ्या जातभाईंची वायर करकचून गुंडाळू नका, ती आतून तुटते. गाद्या कोरड्या फडक्याने पुसा. पण हे नाही केलंत तरी चालेल. दुसरं मात्र ऐका. तुमच्या घरात कुणाच्या कानावर माझ्यासारखा कुणी बसला असेल, तर तो गुणी आहे हे विसरू नका. तो तुम्हाला गाळतो. म्हणून दुखलं, भाजलं, भीती वाटली, तर दिव्याकडे बघत उभे राहू नका. बाही ओढा. खुर्ची हलवा. ओरडा. होऊ दे नोंद झाली तर. आणि मोठ्या माणसांनो, आम्हाला कानावर चढवाल तेव्हा एक कान मोकळा ठेवा हो. डावा-उजवा, कुठलाही चालेल.

हे मी त्या दोघींनाच आधी सांगितलं असतं. पण मला स्वतःचा आवाज नाही. मी फक्त दुसऱ्यांचे आवाज इकडून तिकडे नेतो.

आता आईने मला पुसलं आहे. दाराला रजई टांगून झाली आहे. पंखा बंद आहे. तिने वायर जोडली आणि माझा दिवा लागला, पूर्वीसारखाच हिरवा. ह्या नव्या कंपनीतही म्यूट बंद आहे का, ते बघायला तिने बटण दाबलं. टिक्. दिवा तसाच. पुन्हा दाबलं. टिक्.

मुलगी खुर्चीच्या दांडीला धरून उभी होती.

"आई, हा तोच दिवा?"

"हो गं."

"मग मी मासा?"

"नाही पिल्लू. म्हणजे… इकडे ये." आईने तिला जवळ ओढलं. तिचं ते वाकड्या नखाचं बोट हातात घेतलं आणि अंगठ्याने कुरवाळत राहिली. पडद्यावर अक्षरं आली होती. पहिला फोन जोडला जात होता.

मुलीने दिव्याकडे पाहिलं, मग आईकडे. आवाज अगदी बारीक करून तिने विचारलं, "मग हा दिवा लागलेला असताना दुखलं तर लगेच रडायचं, की विझल्यावर रडायचं?"

आईने तोंड उघडलं. आवाज आला नाही.